टेबल : फळीपासून तक्त्यापर्यंत

नांदुरा हें बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मलकापूर आणि जलंब यांच्या दरम्यान वसलेलें आहे. अशा गांवांत 'टेबल' म्हणजे काय असें चार जणांस विचारिलें, तर चार उत्तरें मिळतील. सुतार चार पायांची वस्तु दाखवील. उतारू गाड्यांच्या वेळापत्रकाकडे बोट करील. शाळेंतील मूल पाढे म्हणूं लागेल. आणि विहिरीचा जाणकार जमिनीखालील पाण्याची पातळी सांगेल. इंग्रजी भाषेनें या सर्वांस एकाच शब्दानें ओळखिलें आहे. लाकडाच्या वस्तूचें नांव आंकड्यांच्या रांगांस कसें मिळालें, हें पाहण्यासारखें आहे.

या शब्दाचें मूळ लॅटिन 'टॅबुला' हें असून त्याचा अर्थ फळी असा आहे. फळीला पाय लाविले कीं मेज झालें. फळीवर अक्षरें लिहिलीं कीं यादी झाली. रेघा आंखून आंकडे मांडले कीं कोष्टक झालें. मराठींतही हाच प्रवास घडलेला आहे. 'तक्ता' हा शब्द फारसींतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ फळी असाच आहे. आपल्या प्राचीन गणित्यांनीं अंकगणितास 'पाटीगणित' असें नांव दिलें, कारण हिशेब पाटीवर धूळ पसरून केले जात. ज्याला कांहीं नीट मांडावयाचें असेल त्याला आधीं सपाट जागा हवी, ही गोष्ट तिन्ही भाषांनीं स्वतंत्रपणें ओळखली.

प्रथम लाकडी टेबलाचा विचार करूं. आपल्याकडे जेवणें, लिहिणें आणि पूजा हीं सारीं जमिनीवर बसून होत. त्यामुळें पाट, चौरंग, तिवई आणि मुनिमाचें उतरतें डेस्क हींच आपलीं जुनीं टेबलें होत. उंच मेज कचेरी, शाळा आणि रेल्वे यांच्याबरोबर खेड्यापाड्यांत शिरलें. वऱ्हाडांत तें करणाऱ्या सुतारास एका गोष्टीचें भान ठेवावें लागतें. वैशाखांत येथें हवा अत्यंत कोरडी असते आणि आषाढांत ती ओलाव्यानें भरते. लाकूड या फरकानें आकसतें व फुगतें. मात्र लांबींत नव्हे, तर रुंदींत. म्हणून चांगला कारागीर वरचा पृष्ठभाग खालच्या चौकटीस चारी बाजूंनीं जखडून टाकीत नाहीं. त्यास किंचित् सरकण्यास वाव ठेवितो. ज्यानें हा वाव ठेविला नाहीं, त्याचें टेबल दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतें. फळ्या नीट वाळवून घेणें, गुण्या लावून काटकोन पाहणें आणि एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खांचेंत घट्ट बसविणें, यांतच त्याची सारी विद्या आहे.

आतां पाढ्यांकडे वळूं. जुन्या शाळांत केवळ पूर्णांकांचे पाढे पुरेसे मानीत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, हीं सर्व मुखोद्गत करावीं लागत. हा निव्वळ घोकंपट्टीचा छळ नव्हता. ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया आणि ४० शेरांचा मण असा व्यवहार होता. चाळिसाचा सोळावा भाग अडीच होतो. म्हणून जितके रुपये मणाचा भाव, तितकेच आणे अडीच शेरांचे, हा हिशेब दुकानदार बोलतां बोलतां करी. माल विकावयास आलेल्या शेतकऱ्यास हे पाढे येत असतील तर त्यास फसविणें कठीण जाई. येत नसतील तर दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवावा लागे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि औटकीचें काम संपलें. पण कोष्टक ज्याच्या मुखीं, त्याच्या हातीं व्यवहार, हें तत्त्व मात्र संपलें नाहीं.

रेल्वेचें वेळापत्रक हा याच कुळांतील तिसरा प्रकार. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोंचला. त्यापूर्वीं प्रत्येक गांवाचा मध्यान्ह निराळा होता आणि त्यानें कोणाचें अडत नसे. परंतु एकाच रुळावरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांस प्रत्येक गांवाचा सूर्य निराळा मानून चालत नाहीं. १९०६ पासून हिंदुस्थानाची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून मोजूं लागले. नांदुरें त्याच्या पश्चिमेस सुमारें ६ अंशांवर आहे, आणि पृथ्वीस एक अंश फिरावयास ४ मिनिटें लागतात. म्हणजे घड्याळांत १२ वाजतात तेव्हां नांदुऱ्याचा सूर्य माथ्यावर यावयास सरासरीनें सुमारें २४ मिनिटें अवकाश असतो. स्थानकावरील तक्ता सूर्यास विचारीत नाहीं. त्यानें सूर्यासच आपल्या कोठ्यांत बसविलें आहे.

तक्त्याचा रिकामा कोठाही बोलका असतो. रशियन रसायनज्ञ मेंडेलिएव्ह यानें १८६९ मध्यें मूलद्रव्यांची सारणी मांडली, तेव्हां कांहीं घरें मुद्दाम मोकळीं सोडलीं आणि तेथें बसणाऱ्या अज्ञात द्रव्यांचे गुणधर्मही सांगितले. १८७५ मध्यें गॅलियम व १८८६ मध्यें जर्मेनियम सांपडलें, आणि तीं घरें भरलीं. कोष्टक हें माहितीचें गोदाम नव्हे. काय माहीत नाहीं हें दाखविणारें तें साधन आहे.

हीच दृष्टि नांदुऱ्याच्या पाण्यास लाविली तर विषय एकदम गंभीर होतो. जमिनीखालीं ज्या उंचीपर्यंत माती व खडक पाण्यानें पूर्ण भरलेले असतात, तिला इंग्रजींत पाण्याचें 'टेबल' आणि मराठींत भूजलपातळी म्हणतात. पावसाळ्यांत ती वर येते, उपशानें खालीं जाते. सामान्यतः पातळी वर आली कीं शेतकरी निश्चिंत होतो. पण पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे आणि नांदुरा तालुक्याचा कांहीं भाग त्यांत मोडतो. येथील गाळाच्या थरांतील पाणी क्षारयुक्त आहे. विहिरीस पाणी भरपूर असून तें पिण्यास निरुपयोगी, आणि शेतास दिलें तर काळी माती बिघडविणारें, अशी स्थिति तेथें आढळते. ज्या तक्त्यांत पाण्याच्या खोलीचाच रकाना आहे आणि खारेपणाचा नाहीं, तो तक्ता खरा असूनही फसवा ठरतो. म्हणून विहीर खणण्यापूर्वीं पाणी किती खोल एवढेंच नव्हे, तर कसें आहे हेंही शेजारच्या विहिरींवरून तपासून घेणें हिताचें असतें.

शेवटचें टेबल कागदाचें आहे, परंतु त्याचें वजन सर्वांत अधिक. गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. साताच्या नमुन्यांत जमीन कोणाची व तिजवर इतर हक्क कोणाचे, हें असतें. बाराच्या नमुन्यांत पीक कोणतें, क्षेत्र किती, सिंचनाचें साधन काय, हें असतें. नांदुरा तालुक्यांत जिगाव येथें पूर्णेवर धरणाचें काम हातीं घेण्यांत आलें, तेव्हां बुडित क्षेत्रांतील गांवांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. अशा प्रसंगीं बांधावरचें झाड, पिढीजात विहीर आणि वाटणीनें मिळालेला तुकडा यांची भरपाई कागदावरील नोंदींच्या आधारें मागावी लागते. विहीर शेतांत आहे, पण रकान्यांत नाहीं, तर ती सिद्ध करण्यास मालकास धांवाधांव करावी लागते. मयताचें नांव उतरून वारसांचें चढविलें नसेल, तर घराघरांत तंटे माजतात. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करण्याची ई-पीक पाहणीची सोय झाली आहे. म्हणजे लेखणी आतां अंशतः त्याच्याच हातीं आली आहे.

सुतार टेबल पुरें करतो तेव्हां तें लागलीच गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करीत नाहीं. तो तें सपाट जमिनीवर ठेवून हातानें हलवून पाहतो. एक पाय आंखूड असेल तर तें तेव्हांच कळतें. कागदी टेबलासही हीच कसोटी लावावयास हवी. वर्षांतून एकदां, पेरणी आटोपल्यावर, प्रत्येक खातेदारानें आपला उतारा काढून एकेक रकाना शेतावरील वस्तुस्थितीशीं ताडून पाहिला, तर डगमगणारा पाय वेळींच हातीं लागेल. आणि ज्या फळीवर घराचा सारा संसार मांडलेला आहे, ती अडचणीच्या दिवशीं कलंडणार नाहीं.