तासाला किती सांगू? (भाग २३, लेखी रूप)

हा भाग ऐकत असाल तर मोबाईलचा कॅल्क्युलेटर हाताशी ठेवा, आज आकडेच आकडे आहेत. वाचत असाल तर काम सोपं, सगळं खाली मांडलंय.

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज कुठला माहितीये? "ताई, नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायचंय. तासाला किती रेट सांगू?" याचं उत्तर मी स्वतः सपशेल चुकवलं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पुण्यात नोकरीला होते तेव्हा सीटीसी १२ लाख. राजीनामा दिला, सांगलीला घरी आले, पहिल्या क्लायंटने रेट विचारला. मी काय केलं? १२ लाख भागिले १२, म्हणजे महिन्याला १ लाख. महिन्याचे कामाचे तास १६०. भागाकार आला ६२५ रुपये. वर ७५ रुपये आपला नफा म्हणून टाकले आणि ७०० सांगून मोकळी झाले. क्लायंट लगेच "डन" म्हणाला. घासाघीससुद्धा नाही! तिथेच शंका यायला हवी होती.

आता हाच हिशोब नीट करू. वर्षात ५२ आठवडे, पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे २६० दिवस. त्यातून सणवार आणि सरकारी सुट्ट्या १५, आपली रजा २०, आजारपणाचे १० काढा. उरले २१५. रोज आठ तास धरले तर १,७२० तास. इथपर्यंत ठीक. पण या सगळ्या तासांचं बिल लागतं का? छे! प्रपोजल लिहिणं, "एक क्विक कॉल करूया का" वाले कॉल, इनव्हॉइस, पैशांसाठी आठवण करून देणं, नवीन फ्रेमवर्क शिकणं, दोन प्रोजेक्टच्या मधला रिकामा काळ. याचे पैसे कोणी देत नाही. माझं पहिलं वर्ष शीटमध्ये तपासलं तर बिल लागलेले तास ६० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे साधारण १,०३०.

आता दुसरी बाजू. लॅपटॉप, इन्व्हर्टर, दोन-दोन इंटरनेट कनेक्शन (आमच्याकडे पावसाळ्यात एकावर भागत नाही), आरोग्य विमा, टूल्सचं सबस्क्रिप्शन, सीएची फी. नोकरीत यातलं बहुतेक कंपनी बघते. मी वर्षाला २ लाख धरते. म्हणजे जुन्या पगाराइतकंच हातात यायचं असेल तर १४ लाख कमवायला हवेत. १४ लाख भागिले १,०३०, आले जवळपास १,३६० रुपये. आणि ७०० ने काय होतं? वर्षाचे ७ लाख २१ हजार. खर्च वजा जाता ५ लाख २१ हजार. मी स्वतःच स्वतःचा पगार निम्म्याहून खाली आणला होता, तोही आनंदाने.

"पण नवख्याला १,३६० कोण देणार?" बरोबर आहे. पहिली एक-दोन कामं कमीत घ्यावी लागली तर घ्या. फक्त आपण तासामागे किती सोडतोय हा आकडा माहीत असू द्या आणि तो रेट किती महिने चालवायचा हे आधीच ठरवा. कारण ७०० ने आलेला क्लायंट पुढे १,४०० वर जात नाही. तो दुसरा ७०० वाला शोधतो. रेट वाढतो तो बहुतेक वेळा नव्या क्लायंटबरोबरच.

एकरकमी कामाचं गणितही इथूनच निघतं. मी एक काम ८० तासांचं धरून ५६ हजारांना घेतलं. लॉगिन फक्त ओटीपीने, असं ठरलं होतं. मग "गूगलचंही टाका ना", मग "अ‍ॅडमिनला एक छोटं पॅनेल". झाले १३० तास. तासाला ४३० रुपये पडले! आता मी करारात काय करणार यापेक्षा काय करणार नाही याची यादी मोठी ठेवते.

आता रेट बरोबर लावला, पण पैसेच आले नाहीत तर? एका क्लायंटचं २ लाखांचं बुकिंग अ‍ॅप केलं. १ लाख मिळाले. लाँचची तारीख जवळ आली म्हणून मी भाबडेपणाने पूर्ण कोड आणि सर्व्हरचे पासवर्ड देऊन टाकले. अ‍ॅप सुरू झालं, माणूस गप्प. पप्पा रोज जेवताना विचारायचे, "आले का गं?" शेवटी मीच उशिरा जेवायला लागले.

तेव्हा वकील मैत्रिणीकडून दोन गोष्टी कळल्या. एक, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर हे साहित्यकृतीत मोडतं. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक साधारणपणे कंपनी असते. फ्रीलान्सरचं तसं नाही, वेगळा करार नसेल तर कोड सहसा लिहिणाऱ्याचा, आणि मालकी द्यायची तर ती लेखीच द्यावी लागते. म्हणून करारात एक ओळ हवीच: पूर्ण पैसे मिळाल्यावरच मालकी क्लायंटकडे जाईल. माझ्या करारात काय होतं? करारच नव्हता, व्हॉट्सअ‍ॅप होतं.

दुसरी गोष्ट, उद्यम नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे भारतातल्या ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. पण नोंदणी काम घेण्याआधी करा. नंतर केली की जुन्या बिलांवरून वाद होतात. मी नंतरच केली होती. परदेशी क्लायंटला हा कायदा दाखवून फारसा उपयोग नाही, तिथे अ‍ॅडव्हान्स हाच आधार.

आता माझी पद्धत अशी: ३० टक्के आधी, मग टप्प्याटप्प्याने, डेमो माझ्या सर्व्हरवर, शेवटचा हप्ता खात्यात आल्यावर कोड आणि चाव्या. आलेल्या प्रत्येक रकमेतला करापुरता भाग लगेच वेगळ्या खात्यात. (जीएसटी आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सवर पुढचा अख्खा भाग आहे, सीएला घेऊन बसणार आहे.)

त्या १ लाखापैकी सात महिने मागे लागून ४० हजार आले. उरलेले ६० हजार अजून माझ्या शीटमध्ये लाल रंगात आहेत. अ‍ॅप मात्र मस्त चालू आहे, मी अधूनमधून उघडून बघते.