कर शून्य, खर्च हजारांत

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. स्टेशन कुठलंही असो, बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर झेरॉक्सचं दुकान असतंच, आणि त्याच्या पाटीवर भाडेकरार, गुमास्ता, पॅन कार्ड यांच्या रांगेत ‘आयटीआर भरून मिळेल’ हेही असतं. जुलैत तिथे गर्दी वाढते. त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांना सरकारला एक रुपयाही आयकर द्यायचा नसतो. तरी भरणावळ, उशिराचं शुल्क, मार्चमध्ये गळ्यात पडलेली पॉलिसी, रिफंडातला टक्का असं करत काही हजार जातात, आणि घरी सांगताना सगळं ‘टॅक्समध्ये गेले’ या एकाच खात्यावर टाकलं जातं.

पहिला घोळ १२ लाखांचा. २०२५च्या अर्थसंकल्पानंतर ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोचलं आणि त्याचा अर्थ ‘१२ लाखांपर्यंत काही भरायचंच नाही’ असा लावला गेला. कर न लागणं वेगळं आणि विवरणपत्र न लागणं वेगळं. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत विवरणपत्राची रेषा ४ लाखांवर आहे. मुलुंडच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये महिना ५० हजारांवर काम करणारा तंत्रज्ञ धरा. वर्षाचे ६ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरले ५ लाख २५ हजार. ४ लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्क्यांनी कर होतो ६,२५० रुपये, आणि कलम ८७-अ च्या सवलतीत तो पूर्ण माफ होतो. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेल्यामुळे विवरणपत्र भरावंच लागतं. पगारदारांची ३१ जुलैची मुदत हुकली तर विलंब शुल्क ५ हजार रुपये. त्याच्याच शेजारी ४५ हजारांवर काम करणाऱ्याचं करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत राहतं, म्हणून त्याला १ हजार. ज्याला कर शून्य त्याने ५ हजार केवळ तारखेपायी भरायचे, हे मला आजही पटत नाही. पण कायदा तसा आहे, तेव्हा तारीख पाळणं हीच सगळ्यात स्वस्त करबचत.

४ लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि कुठे टीडीएस कापला नसेल तर सहसा विवरणपत्राची सक्ती नाही. तरीही अनेक जण भरतात, आणि त्यामागे कारण असतं. म्हाडाच्या सोडतीत उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. बँकेत कर्ज मागायला गेलं तरी तेच. मात्र भीतीपोटी भरत असाल, तर भीती अनाठायी आहे.

आता पॉलिसी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतला, ऑफिसातला किंवा नात्यातलाच कुणी विमा एजंट येतो आणि ‘टॅक्स वाचवायचाय ना?’ असं विचारतो. नव्या करप्रणालीत ८०-सी ची वजावट मिळतच नाही, आणि ही प्रणाली आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. वरच्या तंत्रज्ञाने वर्षाला २४ हजार हप्त्याची पॉलिसी घेतली तर त्याचा वाचलेला कर किती? शून्य. शून्यातून काही वजा होत नाही. विमा हवा असेल तर तो घरात कमावतं माणूस एकच आहे म्हणून घ्यावा, आणि तेवढ्यासाठी साधा मुदतीचा विमा पुष्कळ स्वस्त पडतो. पण करासाठी म्हणून घेतलेली पॉलिसी दोन-तीन वर्षांत हप्ते न झेपल्याने मोडावी लागते, आणि मोडताना भरलेले पैसेही पुरते हातात येत नाहीत. या लेखातल्या सगळ्या अनावश्यक खर्चांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, कारण तो एका जुलैचा नसतो, पंधरा-वीस वर्षांचा करार असतो.

अंधेरी पश्चिमेला, वर्सोवा-आरामनगरच्या बाजूला, प्रश्न उलटा आहे. तिथे मालिकांवर, जाहिरातींवर काम करणारी मुलं महिन्याच्या पगारावर नसतात. निर्मितीसंस्था बिल देताना व्यावसायिक मानधन म्हणून १० टक्के टीडीएस कापतात. समजा एका सहाय्यक दिग्दर्शकाला वर्षभरात ४ लाख मानधन ठरलं आणि ४० हजार कापले गेले. कलम ४४-एडीए खाली तो जमाखर्चाच्या वह्या न ठेवता निम्मी रक्कम, किंवा नफा खरंच जास्त असेल तर जास्त, उत्पन्न म्हणून दाखवू शकतो. २ लाखांवर कर नाही. म्हणजे कापलेले ४० हजार पुरते परत. ते त्याचेच पैसे आहेत. पण ‘रिफंड काढून देतो, १० टक्के माझे’ म्हणणारा भेटला तर ४ हजार गेले, आणि तेही अर्ध्या तासाच्या कामाचे. विवरणपत्र भरलंच नाही तर सगळेच गेले. ३१ डिसेंबरनंतर जे अद्ययावत विवरणपत्र भरता येतं त्यातून रिफंड मागता येत नाही.

टक्केवारीवाल्यांची पुढची पायरी जास्त महाग पडते. ‘रिफंड वाढवून देतो’ म्हणत ते न भरलेलं घरभाडं, न दिलेली देणगी, न काढलेलं शैक्षणिक कर्ज दाखवतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्यात महाराष्ट्रही होता. विभागाने तेव्हा सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतले होते. या कारवाईत दिसलेली एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे मध्यस्थ विवरणपत्रांसाठी तात्पुरते ईमेल पत्ते उघडत आणि नंतर सोडून देत, त्यामुळे विभागाची नोटीस करदात्यापर्यंत पोचतच नसे. चुकीची माहिती दिल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट, वर कर आणि व्याज वेगळं. आणि ते भरायचं पॅन ज्याच्या नावावर आहे त्याने. एजंटाचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं.

म्हणून भरणावळ देऊन काम करून घेतलं तरी मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपलाच घालायला लावावा, आणि पासवर्ड दुकानदाराच्या वहीत राहू देऊ नये. खरं तर एकच नोकरी, बँकेचं व्याज आणि फॉर्म १६ इतकाच मामला असेल तर दुकानाची गरजच नाही. सरकारच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर विवरणपत्र भरणं फुकट आहे. पगार, व्याज, टीडीएस बहुतांश आधीच भरून आलेले असतात. ‘एआयएस’ नावाच्या वार्षिक माहितीपत्राशी ते ताडून पाहायचं, आयटीआर-१ म्हणजे ‘सहज’ निवडायचा आणि आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची. ही पडताळणी ३० दिवसांत झाली नाही तर भरलेलं विवरणपत्र वेळेत भरलं असं धरलं जात नाही. यासाठी बीकेसीच्या कौटिल्य भवनातल्या आयकर कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. पॅन कधीच काढलं नसेल आणि नव्याने काढायचं असेल तर आधारवरून तत्काळ ई-पॅनही मोफत मिळतं. पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर मात्र १ हजार रुपये सुटत नाहीत, आणि ती टाळली तर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जातो, म्हणून हा खर्च करून टाकावा.

‘नवा कायदा आलाय, फी वाढली’ असंही यंदा ऐकू येईल. २०२५चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला हे खरं. पण २०२५-२६च्या उत्पन्नाचं विवरणपत्र १९६१च्याच कायद्याखाली आहे.

पगाराची स्लिपही एकदा नीट पाहावी. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. तरीही दर महिन्याला २०० रुपये कापले जात असतील तर हिशेब विभागाला विचारायला हरकत नाही.

पैसे देऊन सल्ला कुठे घ्यावा? जिथे शेअर बाजार आला तिथे. २०२४ मध्ये ५ जुलैपासून संकेतस्थळाच्या प्रणालीने तेव्हाच्या ७ लाखांच्या मर्यादेतल्या, पण शेअर विकून अल्पमुदतीचा नफा झालेल्या करदात्यांना ८७-अ ची सवलत मागूच दिली नाही. मुंबईच्या ‘चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, न्यायालयाने आधी विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला लावली आणि नंतर सवलतीचा दावा करण्याची सोय द्यायला सांगितलं. त्यानंतर कायदाच बदलला. २०२५-२६ पासून अशा खास दराच्या नफ्यावर ही सवलत मिळत नाही, हे आता कायद्यातच आहे. त्यामुळे लोकलमध्ये मोबाइलवर शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्याने ‘माझं उत्पन्न १२ लाखांच्या आत’ एवढ्यावर विसंबू नये. फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्याला तर ‘सहज’ चालतच नाही; त्याचा तोटासुद्धा दाखवावा लागतो, आणि वेळेत दाखवला तरच तो पुढच्या वर्षी ओढता येतो. इथे सीएची फी वाया जात नाही. फक्त ती रिफंडाच्या टक्क्यात नको, आधी ठरलेल्या रकमेत असावी, आणि तिची पावती मागावी.