कसोटी पाहून केलेली नक्कल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आठवडे बाजारांत सुऱ्या, विळ्या, कात्र्या, कोयते मांडून बसलेला एक तरी विक्रेता असतोच. त्याच्या मालातल्या काही वस्तू लोहाराने घडवलेल्या, काळपट आणि ओबडधोबड असतात. बाकीच्या चकचकीत असतात आणि त्यांतल्या काहींच्या पात्यांवर एखाद्या जपानी, जर्मन किंवा नामवंत देशी कंपनीचे नाव कोरलेले असते. नाव कधी हुबेहूब असते, तर कधी एखादे अक्षर तेवढे बदललेले असते. गिऱ्हाईक सुरी हातात घेते, चकाकी पाहते, नाव वाचते आणि अंगठ्यावरून पाते हलकेच फिरवून धार अजमावते. धार त्या दिवशी चांगलीच लागते, कारण कोणत्याही धातूच्या पट्टीला एका दिवसापुरती धार काढता येते. म्हणजे गिऱ्हाईक ज्या तीन गोष्टी तपासते, त्या तिन्ही नक्कल करणाऱ्याने पुरवलेल्या असतात. चौथी गोष्ट कोणी तपासत नाही, म्हणून ती पुरवलेलीही नसते.

नकली मालाविषयी एरवी जे लिहिले जाते ते फसवणूक, कायदा आणि कारवाई या अंगाने. आम्हाला त्याची शास्त्रीय बाजू वर्गात मांडण्याजोगी वाटते. नक्कल करणारा मनुष्य आपली कसोटी नीट अभ्यासतो आणि तेवढ्या कसोटीस उतरेल असाच माल बनवतो. धोका असतो तो कसोटीबाहेर राहिलेल्या गुणधर्मांत.

सुरीच्या बाबतीत हा बाहेर राहिलेला गुणधर्म म्हणजे तिचे 'पाणी'. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. कार्बनचे अणू लोहाच्या अणूंमध्ये अडकून पडतात आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ बनते. मग ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करावा लागतो. लोहार पहिल्या क्रियेला पाणी देणे म्हणतो आणि दुसरीला पाणी उतरवणे. चांगल्या स्वयंपाकघरातील सुरीचे पाते रॉकवेलच्या 'सी' मापावर साधारण 52 ते 60 इतके कठीण असते. पाणी न दिलेले पाते डोळ्यांना अगदी तसेच दिसते, पण त्याची धार चार दिवसांत वळते.

हा फरक वर्गात दाखवायला शिवणकामाच्या तीन सुया पुरतात. पहिली सुई चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवावी आणि ज्योतीतून अगदी सावकाश वर नेत थंड होऊ द्यावी. ती तारेसारखी वाकते. दुसरी तशीच तापवून चटकन थंड पाण्यात बुडवावी. ती वाकवू गेल्यास काडीसारखी मोडते. तिसरी सुई दुसरीप्रमाणे पाण्यात बुडवून, पुसून, निळसर छटा येईपर्यंतच पुन्हा तापवावी. ती वाकून परत सरळ होते. (सुई मोडताना तुकडा उडतो. म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून आणि सुईवर फडके धरून करावा.) तिन्ही सुयांतील मूलद्रव्ये एकच आणि त्यांचे प्रमाणही एकच. बदलला तो केवळ तापण्या-निवण्याचा क्रम. रासायनिक पृथक्करण केले तरी हा फरक कळणार नाही, हे विद्यार्थ्यांच्या आवर्जून लक्षात आणून द्यावे.

लोहचुंबकाचे काय? 'चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही' असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते. ताट-वाट्यांच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य आहे. निकेल असलेले 304 जातीचे पोलाद चुंबकाला फारसे दाद देत नाही. परंतु निकेलऐवजी मँगॅनीज वापरलेले स्वस्त, 200 मालिकेतले पोलादही चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे भांड्यावर '304' असा शिक्का मारला, की चुंबकाची कसोटी निरुपयोगी ठरते. सुरीच्या बाबतीत तर हा समज नेमका उलटा आहे. ज्या स्टेनलेस पोलादाला पाणी देता येते ते चुंबकाला चिकटतेच. चुंबकाला मुळीच न चिकटणारे पोलादी पाते बहुधा भांड्यांच्या पत्र्याचे असते आणि त्याला पाणी देताच येत नाही. अर्थात चिकटणारी प्रत्येक सुरी चांगली, असाही अर्थ नव्हे. साधे लोखंडही चिकटतेच.

साध्या लोखंडावर चकाकीचा मुलामा दिला असल्यास तो शोधण्याचे साधन तासगाव भागातल्या प्रत्येक द्राक्षबागायतदाराकडे असते. बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद ते हेच. पात्याच्या मागच्या कडेवर कानशीने बारीक ओरखडा काढून त्यावर मोरचुदाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. आत साधे लोखंड असेल, तर काही सेकंदांत तिथे तांब्याचा लालसर थर बसतो. तुलनेसाठी शेजारी एक खिळा ठेवावा. स्टेनलेस पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो, त्यामुळे तांबे लगेच बसत नाही. मात्र सुरीच्या पोलादात क्रोमियम बेताचेच असल्याने थेंब बराच वेळ ठेवला तर पुसट डाग पडू शकतो. तेव्हा खिळ्याला लागणारा वेळ मोजून तेवढ्याच वेळात निकाल पाहावा. मोरचूद विषारी आहे. प्रयोगातली सुरी साबणाने स्वच्छ धुवावी, हातही धुवावेत.

बोथट सुरीने फार तर कांदा नीट चिरला जाणार नाही, असे वाटेल. प्रत्यक्षात बोथट पात्यावर जोर अधिक द्यावा लागतो, आणि जोर दिलेले पाते सटकले की ते बोटावर येते. नकली सुरीत मुठीच्या आत गेलेला पात्याचा भाग आखूड ठेवलेला असतो, कारण तोही गिऱ्हाइकाला दिसत नाही. ऊसतोडीच्या कोयत्याचे तर विचारूच नका. हंगामात या दोन्ही जिल्ह्यांत येणाऱ्या तोडकऱ्याची मजुरी टनावर ठरते. मऊ पात्याचा कोयता दिवसातून अनेकदा परजावा लागला, तर तो वेळ त्याच्या मजुरीतून जातो, आणि पाणी न उतरवलेला ठिसूळ कोयता गाठीवर घाव बसताच उडालेल्या कपच्यांनी डोळ्याला इजा करू शकतो. लोहाराने घडवलेल्या कोयत्यावर कोणतेच नाव नसते, पण पुढच्या बाजारी तो लोहार तिथेच बसलेला असतो. आमच्या मते खोट्या नावाच्या पात्यापेक्षा हे बिननावाचे पाते घेणे केव्हाही बरे.

पात्यावरच्या खोट्या नावाचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झोलिंगेन येथील हलक्या सुऱ्या इंग्लंडमधील शेफील्डचे शिक्के मारून विकल्या जात. शेफील्डच्या कारागिरांनी ओरड केली आणि 1887 साली ब्रिटनने व्यापारी चिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर उगमदेश लिहिणे भाग पाडले. हिंदुस्थानातही 1889 साली तशा स्वरूपाचा कायदा आला. पुढे झोलिंगेनचा माल इतका सुधारला, की 1938 साली 'झोलिंगेन' या नावालाच कायद्याने संरक्षण द्यावे लागले, कारण आता त्याची नक्कल होऊ लागली होती!

गावाच्या नावाला असे संरक्षण आपल्या भागातही आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक उपदर्शन मिळाले. कृष्णाकाठी हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत, आणि देशभरातल्या हळदीचा भाव ठरवणारी बाजारपेठ यांमुळे हे नाव मोठे झाले. दुसऱ्या प्रांतातली हळद सांगलीची म्हणून विकली, तर ती शेतकऱ्याची आणि गिऱ्हाइकाची फसवणूक ठरते. पण तेवढ्याने कोणी आजारी पडत नाही. खरा धोका वेगळाच आहे.

हळद शिजवून, वाळवून, फिरत्या पिंपात घासून चकचकीत करतात. ती घेताना आपण पाहतो तो तिचा पिवळेपणा. मग नक्कल होते ती पिवळेपणाची. पुडीत मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग मिसळतात, तर हळकुंडांना लेड क्रोमेट हे रंगकामातले पिवळे रंगद्रव्य चोळतात. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात त्यातले शिसे सुटे होते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते, आणि त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा शास्त्रज्ञांना सापडलेली नाही. आपल्याकडे हळदीत शिशाची कमाल मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम आहे. दक्षिण आशियातील शहरांत गोळा केलेल्या हळदीच्या नमुन्यांविषयी 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत हे प्रमाण हजाराच्याही वर आढळले.

बांगलादेशाची हकिकत या बाबतीत विशेष बोलकी आहे. तिथे 1980 च्या दशकात पुरात भिजलेली हळद काळपट पडली, आणि ती खपावी म्हणून लेड क्रोमेट चोळण्याची प्रथा सुरू झाली. पुढे पूर नसतानाही ती चालूच राहिली, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना त्या भडक रंगाची सवय झाली होती. म्हणजे नकलेने अस्सलाची व्याख्याच बदलली. 2019 साली संशोधकांनी हे उघड केल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा विभागाने क्ष-किरणांनी मूलद्रव्य ओळखणारे हातातले यंत्र थेट बाजारात नेले, व्यापाऱ्यांसमोरच हळद तपासली, दंड केले आणि वर्तमानपत्रांतून ती बातमी सर्वदूर पोहोचवली. शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण 2019 साली 47 टक्के होते, ते 2021 साली शून्यावर आले. कसोटी रंगाची होती ती मूलद्रव्याची झाली, आणि नक्कल परवडेनाशी झाली.

घरी एवढे मात्र करता येते. पेलाभर पाण्यावर चमचाभर हळद सोडून न ढवळता ठेवावी. शुद्ध पूड तळाशी बसून पाणी फिकट पिवळे राहते, मिसळलेला रंग असल्यास पाणी गडद होते. हळकुंड पाण्यात टाकताच रंगाचे लोट सुटले, तर संशय घ्यावा. संशयापलीकडचा निर्णय प्रयोगशाळेचा.

पण प्रयोगशाळेची कसोटीही अभ्यासली जाते! दुधातली प्रथिने मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, केल्डाल यांनी 1883 साली शोधलेल्या पद्धतीत प्रत्यक्षात मोजला जातो तो नायट्रोजन, आणि त्यावरून प्रथिनांचे गणित मांडतात. मेलामाइन या प्लॅस्टिक-उद्योगातील पदार्थात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधात एक ग्रॅम मेलामाइन टाकले, की यंत्राला चार ग्रॅमहून अधिक प्रथिने 'दिसतात'. 2008 साली चीनमध्ये हे उघडकीस आले तेव्हा सुमारे तीन लाख बालके आजारी पडली होती आणि सहा दगावली होती. मूत्रपिंडात खडे झाले होते. आपल्या दूधसंकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ पाहून भाव ठरतो. दुधात युरिया का घातला जातो, याचे उत्तर त्यातच आहे.

सोन्याची कथाही अशीच. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त भारतभरच्या सराफ बाजारांत पसरलेले आहेत. कसोटीच्या दगडावरची रेघ, त्यावर आम्लाचा थेंब, ही त्यांची रोजची विद्या. पण रेघ पृष्ठभागाचीच कळते. म्हणून आर्किमिडीजची घनता आठवावी. सोन्याची घनता 19.3, शिशाची 11.3, शिसे भरलेली लगड पाण्यात तोलताच पकडली जाते. टंगस्टनची घनता मात्र 19.25 आहे, आणि टंगस्टनवर सोन्याचे जाड आवरण दिलेल्या लगडी पकडल्या गेल्या आहेत. तिथे आर्किमिडीज हरतो. मग ध्वनीची मदत घ्यावी लागते, कारण टंगस्टनमधून ध्वनी सोन्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने जातो. मुलांना विचारावे: घनता आणि ध्वनीचा वेग हे दोन्ही जुळणारा स्वस्त पदार्थ शोधणे एकच गुणधर्म जुळवण्यापेक्षा इतके कठीण का?

शिक्क्यांनाही हेच लागू पडते. आयएसआय चिन्ह छापणे अवघड नाही. पण खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल हा परवाना क्रमांक. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी असते, आणि 1 एप्रिल 2023 पासून ती असल्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. हे क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकले, की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी ते दिसते. एका वर्गाने आठवडाभर आपापल्या घरातले कुकर, गीझर, इस्त्री, हेल्मेट आणि खेळणी यांवरचे क्रमांक वहीत उतरवून आणावेत आणि शाळेत एकत्र तपासावेत. दुसऱ्याच वस्तूचा परवाना निघाला किंवा क्रमांकच नसला, तर वस्तू वापरणे थांबवून बिल आणि वेष्टन जपून ठेवावे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे तक्रार मराठीतही सांगता येते.