आयर्विनला किती फूट?

जुलै उजाडला, कोयनेच्या पाणलोटात पावसानं ठाण मांडलं, की सांगलीत ख्यालीखुशाली विचारायची रीत बदलते. माणसं भेटली की विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ 1929 साली झालेल्या या पुलाशी कृष्णेचं पाणी मोजलं जातं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ. माझं बालपण कऱ्हाडला प्रीतिसंगमाजवळ गेलं आणि उमेदीची वर्षं सांगलीत. म्हणजे आधी पाणी जाताना पाहिलं, मग येताना.

हवामान बदलाला शहरांनी तोंड कसं द्यावं, याचे आराखडे हल्ली होतात. त्यात ‘हवामान न्याय’ असा एक शब्द येतो. शब्द जड आहे, पण तो समजायला आयर्विनची पट्टी पुरेशी आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या सखल वस्त्यांत पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरू लागतं. 40 फुटांवर शहर सावध होतं, तेव्हा इथल्या काही चुली विझलेल्या असतात. पट्टी एकच, पण धोक्याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा.

2005 साली पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं, 2019 साली 57 च्या, आणि 2021 साली पुन्हा 55 च्या आसपास. 2019 ला बाजारपेठ बुडाली, बंगलेही बुडाले. ‘पुरानं सगळ्यांना सारखं केलं’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटलं नाही. त्या वर्षी 12 ऑगस्टला बकरी ईद होती. कुर्बानीचे पैसे आमच्या घरानं एका शाळेतल्या छावणीला दिले. तिथं धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई म्हणाली, “चाचा, घर बुडालं ते मालकाचं. माझं काय बुडालं ते कुठं लिहायचं?” भाड्याच्या खोलीचा करार नाही, विजेचं बिल मालकाच्या नावावर. पंचनाम्याला कागद लागतो. बंगल्याचा विमा असतो, पिठाच्या डब्याचा नसतो.

मग लोक विचारतात, हे तिथं राहतातच कशाला? नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये बंधनं. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण स्वस्त जागा मिळते ती रेषेच्या आतच. आणि पाण्याची वाट गरिबानंच अडवली असंही नाही. नाले आणि ओत बुजवून जे प्लॉट पडले, त्यांची खरेदीखतं झोपडीवाल्यांच्या नावावर नाहीत.

आता जरा वर, साताऱ्याकडं जाऊ. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. कोयनेतून 1,960 मेगावॅट वीज राज्याला मिळते. त्या विजेवर चालणारे कारखाने आणि गारवा देणारी यंत्रं कुठं आहेत, आणि दरड कुणावर पडली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

पूर्वेला जत, आटपाडी, माण, खटावकडं गेलं की हीच माणसं पाण्याच्या थेंबासाठी टँकरची वाट पाहताना दिसत आली आहेत. टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांनी आता बरंच शिवार भिजतं. पण पाणी कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडं त्याआधीच विचारला गेला होता. खानापूर तालुक्यात येरळेवर 1980 च्या दशकात बलवडी, तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. वाळूचं उत्पन्न धरणासाठी वापरायचं, आणि पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता प्रत्येक कुटुंबाला द्यायचा, भूमिहीनालासुद्धा, असा त्यांचा आग्रह. जगात ज्याला आज न्याय्य नियोजन म्हणतात, ते आपल्या येरळाकाठी बैलगाडीच्या वाटेवर मांडलं गेलं होतं. आपणच ते विसरून जातो.

कृष्णेच्या पुरासाठी जागतिक बँकेच्या साहाय्यानं सध्या कार्यक्रम आखला गेला आहे. पुराचं जादा पाणी दुष्काळी भागाकडं वळवायचाही त्यात विचार आहे. चांगलं आहे. पण भिंत कुठं बांधली आणि अडलेलं पाणी मग कुणाच्या अंगणात गेलं, उचललेलं पाणी बागायतदाराच्या पाइपात गेलं की भूमिहीनाच्याही, हे नकाशावर काढायला हवं. एरवी कोट्यवधी खर्चूनही आकडा तोच राहील.

छावणीतली ती बाई अजून त्याच वस्तीत राहते. पाणी चढू लागलं की गव्हाची पिंपं फळीवर ठेवते आणि पोरांना बहिणीकडं धाडते. पक्क्या घरासाठी लांब जाशील का, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, “जाईन की चाचा. पण सकाळी सहाला मला पहिल्या घरी भांड्याला पोचायचंय. तिकडनं बस कितीला सुटते, तेवढं आधी विचारून सांगा.”