काळा कातळ, पांढरे पाणी आणि एक्स्पोजर

कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर किंवा फिल्मवर एका छायाचित्रासाठी जेवढा उजेड पडतो, त्याला एक्स्पोजर म्हणतात. उजेड जास्त झाला की आभाळ, पाणी, पांढरे कपडे यांतले बारकावे पुसले जातात. अशा फोटोला छायाचित्रकार ‘ओव्हर’ म्हणतात. उजेड कमी पडला की सावलीतले सारे काळ्यात बुडते आणि फोटो ‘अंडर’ ठरतो. आजचा कॅमेरा हे गणित आपोआप करतो आणि बहुतेक वेळा बरे करतो. तो कुठे चुकतो हे कळू लागले की एक्स्पोजर हाती येऊ लागते, आणि ते शिकायला कर्जत-खालापूरसारखा मुलूख शोधून सापडणार नाही. सह्याद्रीचा काळा कातळ, त्यावरून पावसाळ्यात कोसळणारे पांढरे पाणी, धुके, भाताची खाचरे, अंधारी लेणी असे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चकवणारे सगळे प्रसंग येथे थोड्या फिरण्यात भेटतात.

उजेडावर ताबा ठेवणाऱ्या गोष्टी दोन आहेत. लेन्समधले छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि ते किती वेळ उघडे राहते तो शटर स्पीड. अ‍ॅपर्चरचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात. आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/४ म्हणजे साडेबारा मिलिमीटर व्यासाचे छिद्र. शटरचे आकडेही असेच निम्म्याने किंवा दुपटीने बदलतात. या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. एफ/८ आणि १/१२५ सेकंद, एफ/५.६ आणि १/२५०, एफ/११ आणि १/६० या तिन्ही जोड्यांतून सारखाच उजेड आत येतो. फरक पडतो तो किती खोलीपर्यंत चित्र रेखीव दिसेल आणि हालचाल गोठेल की पसरेल, यात. आयएसओ हा तिसरा आकडा उजेड वाढवत नाही. मिळालेल्या उजेडाचा संकेत तो वाढवतो, आणि त्याबरोबर चित्रातला दाणेदारपणाही अधिक दिसू लागतो.

मीटर नसतानाही छायाचित्रे काढली जात होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक. पुढे कर्जतच्या बाजूने बोरघाट चढणारा रेल्वेमार्ग बांधला जात असताना त्या कामाचीही छायाचित्रे काढली गेली. हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्या काळच्या काचांवरचा लेप निळ्या उजेडाला चटकन आणि हिरव्या-तांबड्याला फारच सावकाश प्रतिसाद देई. म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरे पांढरे आणि झाडी काळपट दिसते. कर्जतच्याच लोकलमार्गावरच्या वांगणीला दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रीकरण केले. तो चित्रपट १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. विजेवर चालणारे मीटर बाजारात आले ते १९३०च्या दशकात. तोवर बहुतेक हिशेब डोळा, अनुभव आणि छापील तक्ते यांवर चाले.

त्या हिशेबातला एक नियम आजही उपयोगी आहे. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवून शटरचा आकडा आयएसओइतका ठेवावा: आयएसओ १०० असेल तर सुमारे १/१००. पातळ ढगांत एफ/११, ढगाळ हवेत एफ/८, दाट आभाळ भरून आल्यावर एफ/५.६. डिसेंबरात पाताळगंगेकाठी हा नियम जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. जुलैत घाटाच्या पायथ्याशी, झाडीखाली, त्याहूनही दोन-तीन स्टॉप उजेड जास्त द्यावा लागतो.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतणारा उजेड मोजतो. वस्तू मुळात पांढरी की काळी, हे त्याला ठाऊक नसते. समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून तो आकडे देतो. त्यामुळे चौकट काळ्या कातळाने भरली की तो उजेड वाढवतो आणि कातळ राखाडी, फिका येतो. धुक्यात बुडालेला माथेरानचा डोंगर टिपताना उलटे घडते: पांढरे धुके मळकट होते. उपाय साधा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्ह असलेले बटण असते. धुक्यासाठी एक ते दीड स्टॉप अधिक आणि कातळासाठी तेवढाच उणे करावा. हिरव्या खाचरात उभा पांढरा बगळा मात्र फसवतो. चौकटीतला बहुतेक भाग गडद हिरवा असल्याने मीटर त्याच्यासाठी उजेड ठरवतो आणि बगळ्याची पिसे कोरी होऊन जातात. तेथे पांढरे असूनही उणे करावे लागते. म्हणजे विषयाचा रंग आणि त्याने चौकटीत व्यापलेली जागा, दोन्ही पाहायला हवेत.

धबधबा ही या भागातली सर्वात अवघड परीक्षा. भिवपुरीचा असो की खोपोलीचा झेनिथ, पाणी पांढरेशुभ्र आणि मागचा कातळ ओला, जवळजवळ काळा. जळालेले पांढरे पुन्हा मिळत नाही, कारण तेथे सेन्सरने बारकावे नोंदलेलेच नसतात. अंधारातले मात्र, विशेषतः रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, बरेचसे वर काढता येते. म्हणून आधी पाणी वाचवावे. हिस्टोग्राम नावाच्या आलेखात उजवी कड उजळ भागांची असते. आलेख त्या कडेला चिकटून उंच चढला तर शटर वेगवान करावा किंवा छिद्र लहान करावे. पाण्याचे थेंब सुटे दिसायला १/१००० सेकंदाच्या आसपासचा वेग लागतो. रेशमी धारेसाठी पाव सेकंद ते दोन सेकंद. समजा, भरल्या आभाळाखाली आयएसओ १०० आणि एफ/११ला शटर १/८ येतो. तीन स्टॉपचा राखाडी फिल्टर लावला की उजेड आठव्या भागावर येतो आणि शटर एक सेकंदाचा होतो. तिवई अर्थातच लागते. पुरातल्या गढूळ, तांबड्या पाण्याला मात्र रेशमी धार शोभत नाही. त्याचा जोर वेगवान शटरनेच दिसतो.

कोंडाण्याच्या लेण्यांत प्रश्न वेगळा असतो. इसवी सनापूर्वीच्या या चैत्यगृहात बाहेरची झाडी उन्हात आणि गाभारा काळोखात, असा दहा-दहा स्टॉपचा फरक सहज पडतो. चांगला सेन्सर साधारण बारा ते चौदा स्टॉपचा पल्ला नोंदवतो, पण पडद्यावर किंवा कागदावर तो पुरता उतरत नाही. तिवईवरून दोन स्टॉप अंडर, बरोबर आणि दोन स्टॉप ओव्हर अशा तीन चौकटी घेऊन जोडणे हा एक मार्ग. ढगाळ दिवशी जाणे हा त्याहून चांगला: तेव्हा बाहेरचा उजेडच उतरलेला असतो. दर्शनी भागाजवळ कान्हाचा शिष्य बलक याचे नाव सांगणारा ब्राह्मी लेख आहे. अशी अक्षरे समोरून येणाऱ्या उजेडात सपाट होतात; उजेड कडेने तिरका पडला की उठून दिसतात.

दिवसाच्या वेळेचा हिशेब येथे डोंगर ठरवतात. घाटाची भिंत पूर्वेला आणि माथेरानची रांग पश्चिमेला असल्याने सकाळी माथेरानचे कडे उजळतात, तेव्हा कर्जतचा सखल भाग अजून सावलीत असतो. संध्याकाळी खोरे अंधारते आणि ढाक, राजमाचीच्या भिंतीवर ऊन रेंगाळते. अशा वेळी उजळलेल्या भागाचे स्पॉट मीटरने, म्हणजे चौकटीतल्या लहानशा भागाचाच उजेड मोजणाऱ्या मीटरने, माप घ्यावे आणि सावली गडद राहू द्यावी. ती उजळ करण्याच्या नादात उन्हाचा रंग उडतो.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला कोंदिवड्याहून राजमाचीच्या वाटेवर काजवे चमकतात. त्यांच्या बाबतीत शटरचा नेहमीचा अर्थ बदलतो. काजव्याची एक चमक क्षणभराची असल्याने तिची नोंद किती ठळक होणार हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरते. शटर जास्त वेळ उघडा ठेवला तर तीच चमक उजळ होत नाही. आणखी चमका जमा होतात आणि मागचे आभाळ उजळते. एफ/२.८, आयएसओ १६०० आणि तीस सेकंद येथून सुरुवात करून अनेक चौकटी नंतर एकत्र जोडतात. फोकस उजेड असतानाच लावून ठेवावा. बॅटरीचा झोत टाकू नये. त्याने चौकट बिघडतेच, शिवाय मीलनासाठी चमकणाऱ्या काजव्यांचे संकेतही विस्कटतात.

मोबाइलमध्ये छिद्र बहुधा कायमचे एकच असते, त्यामुळे शटर आणि आयएसओ हेच बदलतात. पडद्यावर उजळ भागाला बोट लावून बाजूला उमटणारे सूर्यचिन्ह खाली ओढले की उणे एक्स्पोजर मिळते, आणि धबधब्याचे पाणी मोबाइलवरही वाचते.