कॉफीची चव आणि तिची भूमी

कॉफीची चव मातीची असते, असे सर्रास म्हटले जाते. परंतु हे विधान अर्धेच खरे होय. महाराष्ट्रात कॉफीचे परिचित ठिकाण म्हणजे मेळघाटातील चिखलदरा, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. अशा उंचीवर रात्री थंड असल्याने फळ सावकाश पिकते, बी घट्ट भरते व तिच्यात आंबटगोड गुण उतरतो. इथिओपियाच्या कॉफीस फुलांसारखा सुवास येतो. त्याचे श्रेय मात्र उंचीइतकेच तेथील वाणांसही दिले पाहिजे.

याहून बोलके उदाहरण आपल्याच किनाऱ्याचे आहे. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेस वळसा घालून युरोपास जाणारी कॉफी महिनोन्महिने दमट हवेत राही. दाणे फुगत, पिवळट पडत, आंबटपणा ओसरे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आखूड झाला आणि ती चव दुर्मीळ होऊ लागली. पुढे ती मुद्दाम निर्माण करण्यात आली. मंगळूरकडील गोदामांत दाणे पसरून त्यांवर पावसाळी वारे खेळविले जातात. ‘मॉन्सून्ड मलबार’ ती हीच. येथे मळ्याची माती बदलत नाही, बदलते ती हवा.

तेव्हा चिखलदऱ्याच्या कॉफीविषयी मत देण्यापूर्वी तेथील फळे धुऊन सोलतात की सालीसकट वाळवितात, हे आधी विचारावयास हवे.