विद्यापीठाच्या व्याख्या आणि शहापूर-मुरबाडची मुले

विद्यापीठाचा कोणताही कायदा वा विनियम हाती घ्या. पहिले कलम नावाचे असते आणि बहुधा दुसरे-तिसरे व्याख्यांचे. आपले विद्यार्थी आणि कार्यकर्ते ही कलमे ओलांडून थेट सवलतीच्या किंवा शिक्षेच्या कलमाकडे धावतात. त्यात नवल नाही. भुकेल्या माणसाने आधी भाकरीच शोधावी. परंतु तंटा उभा राहतो तेव्हा निकाल लागतो तो व्याख्येवर. सवलत किती, हे सवलतीचे कलम सांगते. ती कुणाला, हे व्याख्या सांगते. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना ‘कुणाला’ या शब्दाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मी ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मुलांना शिकवतो. बौद्ध, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशी ही मुले. कसाऱ्याहून येणारे मूल मुंबई विद्यापीठाचेच विद्यार्थी असते, पण फोर्टमधली विद्यापीठाची इमारत तिथून सुमारे १२० किलोमीटरवर. मुरबाडला तर रेल्वेच नाही, कल्याणपर्यंत एस.टी. म्हणून या मुलांपर्यंत विद्यापीठ पोहोचते ते कागदाच्या रूपाने, आणि कागदावरचा प्रत्येक शब्द त्यांना स्वतःलाच वाचावा लागतो.

प्रथम दोन साध्या खुणा सांगतो. व्याख्येत ‘म्हणजे’ असेल तर कुंपण पुरे झाले. बाहेरचे काही आत येत नाही. ‘यात समावेश होतो’ असे असेल तर दार किलकिले आहे. यादीत नसलेली गोष्टही त्याच जातीची असल्यास आत आणता येते. तसेच ‘करील’ हा शब्द अधिकाऱ्यावर बंधन घालतो, ‘करू शकेल’ हा त्याच्या मर्जीवर सोडतो. इंग्रजी मसुद्यात हा फरक असतोच. मराठी भाषांतरात तो पुष्कळदा हरवतो. म्हणून दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात.

‘रॅगिंग’ हा शब्द घ्या. महाराष्ट्राने १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला. त्याच्या व्याख्येत शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लज्जा, चिडवणे, धमकावणे हे सारे आहे. जात हा शब्द नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ साली आले, आणि जात, धर्म, वंश, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून होणारा छळ त्यांत २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत आला. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आपला जीव दिला तेव्हा पोलिसांना रॅगिंगच्या कायद्याबरोबर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लावावा लागला. एका आदिवासी मुलीच्या दुःखाला दोन कायद्यांची नावे लागली, कारण एका कायद्याच्या व्याख्येने ते पूर्ण पाहिलेच नव्हते.

मला सर्वांत उपयोगी वाटतात ते आयोगाचे २०१२ चे समता विनियम. त्यांत ‘भेदभाव’ हा शब्द नुसता तात्त्विक ठेवलेला नाही. कृत्ये मोजून सांगितली आहेत. वर्गात विद्यार्थ्याची जात वा जमात जाहीर करणे, ‘राखीव’ म्हणून त्याच्यावर शिक्का मारणे, त्याचे गुण कमी पडले की त्याचे कारण त्याच्या जातीत शोधणे, प्रयोगशाळेत त्याला काम न देता बसवून ठेवणे, ग्रंथालयात वेगळी जागा दाखवणे. आता आपल्या भागातला नित्याचा प्रसंग पाहा. शिपाई वर्गाच्या दारात येतो आणि म्हणतो, ‘बी.सी.वाल्यांनी फॉर्मसाठी थांबा, बाकीच्यांनी जा.’ बाकीचे उठतात, मागे वळून पाहतात आणि जातात. हे मी पाहिले आहे, पुन्हा पुन्हा. हे करणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. तो बिचारा कामच करीत असतो. पण विनियमाच्या शब्दांत बसवले तर हा वर्गात शिक्का मारण्याचाच प्रकार आहे. तक्रारीत ‘आमचा अपमान झाला’ एवढेच लिहिले तर उत्तर येते की तसा हेतू नव्हता. कृत्याचे नाव आणि विनियमाचा क्रमांक लिहिला की हेतूची चर्चा मागे पडते. सूचना फलकावर चिकटवता येते, एवढे साधे उत्तर मग कार्यालयालाही सुचते.

२०२६ च्या जानेवारीत आयोगाने नवे समता विनियम काढले. त्यांत ‘जात-आधारित भेदभाव’ याची व्याख्या अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्याविरुद्धचा भेदभाव अशी केली होती. रान पेटले ते याच एका ओळीवरून. आम्हांला का वगळले, असा प्रश्न ज्यांना जातीचा चटका कधी बसला नाही त्यांनी विचारला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विनियमांना स्थगिती देऊन तूर्त २०१२ चे विनियम चालू ठेवले. व्याख्येचे कलम कुणी वाचत नाही, असे मी वर म्हटले खरे. पण ज्यांच्या हाती परंपरेने सत्ता आहे ते मात्र तेच कलम आधी वाचतात.

व्याख्या नसणे हेही कधी संरक्षण असते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात ‘अस्पृश्यता’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे, पण त्याची व्याख्या संविधानात नाही आणि १९५५ च्या कायद्यातही नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत नझीरुद्दीन अहमद यांनी शब्दाला मर्यादा घालणारी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. माझ्या मते हे मोठेच शहाणपण होते. अस्पृश्यता रोज नवा वेश घेते. तिला शब्दांत बांधले असते तर तिने उद्याच त्या शब्दांबाहेर पाय ठेवला असता.

याउलट ‘अनुसूचित’ हा शब्द म्हणजे शुद्ध यादी. यादीत नाव असेल तर आहात, नसेल तर नाही. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेला माणूस गावात पूर्वीच्याच विहिरीवरून हाकलला जात होता, परंतु केंद्राच्या यादीच्या दृष्टीने तो अनुसूचित जातीचा उरला नव्हता. राज्याने ‘नवबौद्ध’ हा शब्द घालून त्याला सवलती दिल्या. केंद्राचे दार १९९० च्या दुरुस्तीने उघडले. मधली चौतीस वर्षे त्याची जात गाव विसरले नाही, फक्त दिल्ली विसरली.

मुरबाडच्या ठाकूर मुलांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९५६ च्या यादीत ठाकूर जमात तालुक्यांच्या नावांनिशी होती. ठाणे जिल्ह्यातल्या त्या तालुक्यांत मुरबाड होता. म्हणजे डोंगरातला ठाकूर आदिवासी, आणि तोच कामासाठी मुंबईत जाऊन राहिला की यादीबाहेर! १९७६ च्या कायद्याने ही तालुक्यांची कुंपणे काढली. २७ जुलै १९७७ पासून तो अमलात आला. मग दुसरी अडचण उभी राहिली. ठाकूर हे आडनाव इतरांतही आहे, म्हणून पडताळणी. आणि १९९४ च्या माधुरी पाटील निकालानंतर जमातीशी आप्तभाव तपासण्याची चाचणी. तुमचा देव कोणता, लग्नात काय विधी करतात, बोली कोणती. वासिंदच्या चाळीत वाढलेल्या मुलीला हे नीट सांगता येत नाही, तेव्हा ती शिकली हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे, आणि संविधानपूर्व काळातील कागद असतील तर त्यांचे मोल सर्वांत जास्त. व्हॅलिडिटीच्या अर्जासोबत हा निकाल जोडावा, आणि आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला वा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा अकरावीतच शोधायला लागावे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर काय, हा प्रश्न कातकरी पाड्यावर मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि तो खरा आहे.

‘अनुसूचित क्षेत्र’ हा शब्दही असाच फसवा. १९८५ च्या आदेशाने शहापूर तालुका पूर्ण त्यात आला, मुरबाडची मात्र काही गावेच. अर्जात हा रकाना आला की तालुक्याचे नाव लिहून भागत नाही. गाव यादीत पाहावे लागते.

आता ‘उपस्थिती’. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दुसरे सत्र नेमके याच काळात असते. आजारपणासारख्या कारणासाठी प्राचार्य सूट देऊ शकतात. ‘देतील’ असे नाही, ‘देऊ शकतात’. पोटासाठी गाव सोडणे हे कारण कुणी लिहून ठेवलेले नाही. त्याच घरातला मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो तेव्हा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न विचारतात आणि तो मला विचारतो, ‘सर, भट्टीवाल्याची उचल उत्पन्नात धरायची का?’ उचल हे कर्ज आहे. वेठबिगारी नष्ट करणाऱ्या १९७६ च्या कायद्याने तिला आगाऊ दिलेली रक्कमच म्हटले आहे. फेडायच्या पैशाला कमाई म्हणता येत नाही. मी त्याला तेच सांगतो.

राहिला ‘शिक्षक’. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षक म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त. इथे ‘म्हणजे’ आहे, ‘समावेश’ नाही. ग्रामीण महाविद्यालयांत शिकवण्याचे पुष्कळ काम तासिका तत्त्वावरची माणसे करतात. तासाप्रमाणे मोबदला, आणि सुट्टीत काहीच नाही. त्यांच्यात आपली मुले पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच. मुले मला सर म्हणतात. विद्यापीठाच्या निवडणुकीतल्या शिक्षकांच्या मतदारयादीत माझे नाव नसते.